भोंग्याचा सूर आणि कृष्णविवराचा घास

रोह्याच्या फलाटावरून न थांबणारी गाडी धडधडत गेली, की तिचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना एकदम उतरलेला ऐकू येतो. पेणला उभं राहिलं तरी तेच. भोंगा बदललेला नसतो. बदलतो तो कानावर येणारा सूर. या फरकावरून गाडीचा वेग काढता येतो. दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांभोवतीच्या वायूचा वेग शास्त्रज्ञ याच युक्तीने मोजतात, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरी घेऊन.

1995 मध्ये एनजीसी 4258 या दीर्घिकेतील पाण्याच्या वाफेकडून येणाऱ्या लहरी अशाच तपासल्या गेल्या. केंद्राच्या एका बाजूचा वायू आपल्याकडे, दुसऱ्या बाजूचा आपल्यापासून दूर धावत होता. वेग सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर! तिथे जवळपास 4 कोटी सूर्यांइतकं वस्तुमान दडलेलं आहे, असा हिशेब निघाला.

रायगडातून सह्याद्री ओलांडला, की पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. लांब रेडिओ लहरींना जाळीची भोकं जाणवतच नाहीत, आणि वाराही आरपार जातो. किती साधी पण काटकसरीची सोय!

ही दुर्बीण थंड हायड्रोजन शोधते. त्याची खूण म्हणजे 21 सेंटीमीटरची लहर. कृष्णविवराजवळून निघालेला रेडिओ झोत हा दिवा मानला, तर समोरचा हायड्रोजन धुरासारखा त्यातली नेमकी ही लहर शोषतो. दूरच्या दीर्घिकांकडून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे ही लहर आणखी ताणली जाते, आणि तशा लांब लहरी टिपण्यात जीएमआरटी तरबेज आहे. पुण्याच्या एनसीआरएमधील संशोधकांना फार दूरच्या दीर्घिकांत हे शोषण कमी वेळा आढळलं. तिथली प्रखर अतिनील किरणं हायड्रोजनचे अणू फोडत असावीत, हे त्याचं एक संभाव्य कारण.

प्रश्न दीर्घिकेच्या भवितव्याचा आहे, कारण नवे तारे याच थंड वायूतून जन्मतात. शोषणाचा सूर दीर्घिकेच्या सुरापेक्षा उतरलेला असेल, तर वायू कृष्णविवराकडे ओढला जात असण्याची शक्यता असते. चढा असेल, तर झोताच्या धक्क्याने तो बाहेर फेकला जात असतो.