सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास

बाजारपेठेतील जैन घरांमध्ये सायंकाळची एक घटका पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेली असते. दिवस मावळण्यापूर्वी भोजन आटोपावयाचे, म्हणून गल्ल्यावर भावाला किंवा मुनीमजींना बसवून व्यापारी घरी येतो, जेवतो, चौविहाराचे पच्चक्खाण घेतो आणि पुन्हा पेढीवर जातो. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्याप्रमाणे ही वेळ मागेपुढे सरकते, एवढेच. ज्या घरात नुकताच पाळणा बांधला गेला आहे, तेथे या अर्ध्या तासाला एक निराळेच मोल येते. सकाळी वडील दुकानाकडे निघतात तेव्हा तान्हे मूल पेंगत असते आणि रात्री दुकान वाढवून ते परततात तेव्हा गाढ झोपलेले असते. बाप आणि मूल दोघेही जागे आहेत आणि एकाच छपराखाली आहेत, अशी वेळ आठवड्याच्या सहा दिवसांत बहुधा हीच.

घरात बाळ आले की तरुण बापाच्या छंदांवर सर्वांचीच नजर वळते. लग्नापूर्वी हा मुलगा शुक्रवारी लागलेला चित्रपट रविवारपर्यंत पाहिल्यावाचून राहत नसे, समाजाच्या क्रिकेट स्पर्धेत सलामीला जात असे, ‘अशी ही बनवाबनवी’तले संवाद गिऱ्हाइकासमोरही त्याच्या तोंडून निसटत. आता वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘बाप झालास, आता तरी हे थेर सोड.’ सूचना प्रेमाची असते आणि तिच्यामागे व्यापाऱ्याचा हिशेबही असतो: छंदात गेलेला वेळ म्हणजे धंद्यातून गेलेला वेळ. परंतु हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. सोडलेल्या छंदाचे तास पाळण्याकडे वळतात, की तेही दुकानच गिळून टाकते?

छंदाविषयीची ही काळजी आजची नाही. कवी बनारसीदास हे जौनपूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. जन्म १५८६चा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहून पूर्ण केले. तरुणपणी व्यापारासाठी ते आग्र्याला गेले, माल आणि पैसा गमावून बसले आणि मग रात्री ‘मधुमालती’, ‘मृगावती’ यांसारखी प्रेमाख्याने वाचून दाखवू लागले. दहा-वीस लोक ऐकावयास जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याने या कथाकाराला कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या खाऊ घातल्या. वाचणारा सहज म्हणेल, ‘पाहा, नादापायी धंदा बुडाला.’ क्रम नीट पाहिला तर पैसा आधी गेला आणि कथा नंतर आल्या. त्या रिकाम्या हातांच्या दिवसांत कथांनीच त्यांना जगविले. आपल्याच गुणदोषांची यादी देताना त्यांनी थट्टामस्करीची आवड आणि एकांतात मधूनच नाचण्याची लहर, दोन्ही मोकळेपणी नोंदवून ठेवल्या आहेत. त्याच ग्रंथात त्यांनी आपल्या नऊ अपत्यांचा मृत्यू सांगितला आहे: सात मुलगे, दोन मुली. घरात पाळणा असलेल्या माणसाला तो भाग वाचताना थांबावेच लागते.

हास्याच्या बाबतीत जैन परंपरेने सावधगिरी बाळगली आहे, हेही खरे. नऊ नोकषायांत पहिले नाव हास्याचेच येते. अनर्थदंड-विरमण व्रताच्या अतिचारांत कंदर्प, कौत्कुच्य आणि मौखर्य, म्हणजे कामुक थट्टा, अंगविक्षेपांसह केलेला पाचकळपणा आणि वायफळ बडबड, यांची गणना होते. मोबाइलवर दिवसभर फिरणाऱ्या विनोदी चित्रफितींतील निम्म्या तरी या तीन खान्यांत सहज बसतील. दुसऱ्याच्या व्यंगावर किंवा बायकोच्या माहेरावर बेतलेला विनोद लेकरासमोर रोज वाजत राहावा काय, याचा विचार बापाने करावयास हवा. बाळ मात्र तीन-चार महिन्यांचे झाले की प्रथमच खळखळून हसते आणि त्याला ना शब्द लागतात ना प्रसंग. आजीने पदराआड तोंड लपवून ‘भो’ करावे, एवढ्यावर ते दहादा हसते आणि अकराव्यांदाही तितकेच. त्याला हसविण्यासाठी एरवी गंभीर असणारा बाप जी तोंडे वेडीवाकडी करतो, त्यांना कौत्कुच्य म्हणावे काय, हा प्रश्न पाठशाळेत एकदा विचारून पाहण्यासारखा आहे.

खेळ आणि बाप यांच्या नात्याचे दोन दाखले क्रिकेटच्या इतिहासात पन्नास वर्षांच्या आत घडले. सुनील गावसकर १९७६च्या आरंभी न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना २० फेब्रुवारीला त्यांच्या मुलाचा जन्म झाला. तेथून संघ थेट वेस्ट इंडिजला गेला. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून इतिहास घडविला. त्यात गावसकरांच्या १०२ धावा होत्या. त्या दिवशीपर्यंत त्यांनी आपल्या मुलाचा चेहरा पाहिलेला नव्हता. मुलाचे नाव मात्र खेळाने भारलेले ठेवले गेले: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या तीन आवडत्या फलंदाजांवरून रोहन जयविश्व. पुढे हाच रोहन भारताकडून अकरा एकदिवसीय सामने खेळला. प्रसूतीसाठी घरी येण्याची परवानगी आपण मागितलीच नव्हती आणि पत्नीचाही आपल्याला पाठिंबा होता, असे गावसकरांनी पुढे स्वतः स्पष्ट केले आहे. त्या काळात ती मागण्याचा विचार फारसा कुणाच्या मनातही येत नसे. पेढीवरच्या बापाच्याही मनात येत नसे. एकत्र कुटुंबात वडिलांसमोर किंवा आजोबांसमोर स्वतःचे मूल कडेवर घेणे हीच मुळी मर्यादा सोडल्याची खूण समजली जाई; पुतण्याला खेळवावे, स्वतःच्या लेकराकडे दुरून पाहावे, अशी रीत अनेक घरांनी पाळली. आज आजोबा झालेल्या कितीतरी पुरुषांनी मांडीवर मनसोक्त घेतलेले पहिले मूल म्हणजे त्यांचा नातू.

दुसरा दाखला विराट कोहलीचा. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत कोसळला आणि त्या नामुष्कीनंतर ठरल्याप्रमाणे कर्णधार मायदेशी परतला, कारण घरी पहिले अपत्य येणार होते. टीका भरपूर झाली. ११ जानेवारी २०२१ रोजी कोहलींना कन्यारत्न झाले आणि त्याच दिवशी हनुमा विहारी आणि अश्विन यांनी सिडनीची कसोटी अनिर्णित राखली. १९ जानेवारीला ब्रिस्बेनमध्ये अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली भारताने मालिका २-१ अशी जिंकली. मालक चार आठवडे गल्ल्यावर नसला तर दुकान बुडते, या समजुतीला याहून चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

याच दौऱ्यात एक तिसरा बाप होता आणि त्याची गोष्ट व्यापारी वाचकांनी अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. तमिळनाडूचा वेगवान गोलंदाज टी. नटराजन आयपीएल चालू असताना संयुक्त अरब अमिरातीत होता, तेव्हा त्याला मुलगी झाली. तेथून तो थेट ऑस्ट्रेलियाला गेला आणि ब्रिस्बेनची कसोटी खेळूनच घरी परतला. कर्णधाराला एक नियम आणि सरावासाठी ठेवून घेतलेल्या गोलंदाजाला दुसरा, ही विसंगती त्या वेळी गावसकरांनीच आपल्या स्तंभातून दाखवून दिली. आपल्या दुकानातही कोहली आणि नटराजन दोघे असतात. मालकाचा मुलगा बाप होतो तेव्हा सव्वा महिना घरातले सारे त्याला सांभाळून घेतात. माल काढून देणारा, हातगाडी ओढणारा किंवा बिले लिहिणारा मुलगा बाप होतो तेव्हा पेढे वाटून तो दुसऱ्या दिवशी साडेनऊला हजर असतो. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्वाची सवेतन रजा सव्वीस आठवड्यांची झाली; केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी दुकानातील पुरुष नोकरास मात्र अशी रजा देण्याचे कायदेशीर बंधन मालकावर नाही. म्हणजे येथे प्रश्न मालकाच्या मनाचा उरतो. लग्नसराई आणि दिवाळीचे दिवस सोडले तर आठ-दहा दिवसांची पगारी रजा फार महाग पडत नाही. ज्या घरातून अनुकंपादानाच्या पावत्या फाटतात, त्या घराला हे अवघड वाटू नये.

आता चित्रपटाकडे वळावयाचे. भारतीय चित्रपटाचा आरंभच मुळी एका संसारी बापाच्या वेडातून झाला. १९११ मध्ये दादासाहेब फाळके आपल्या थोरल्या मुलाला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्राण्यांचा एक चित्रपट पाहावयास गेले. पडद्यावर जनावरे हलली, यावर घरी कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांनाच नेले. त्या दिवशी तेथे ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट होता आणि तो पाहता पाहता रामकृष्णांची कथा पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांच्या मनात आली. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाची भूमिका थोरल्या भालचंद्रने केली, तर १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकू दिले, फिल्म धुण्याची आणि तिला छिद्रे पाडण्याची कामे शिकून घेतली आणि शिवाय साऱ्या कंपनीचा स्वयंपाक केला. बापाच्या छंदात सारे घर सामील झाले, याचे कौतुक जरूर करावे. त्या सामीलकीचा भार कोणाच्या खांद्यावर अधिक पडला, हेही त्याच वेळी पाहावे.

कारण छंद बाईलाही असतात. लग्नापूर्वी मैत्रिणींबरोबर शनिवारच्या खेळाला जाणारी, चित्रपटांतली गाणी आणि कलाकार तोंडपाठ असणारी मुलगी सून होते, आई होते, आणि ‘तिला आता कुठला वेळ’ असे म्हणून प्रकरण मिटते. बापाचा रविवारचा सामना जाहीरपणे चालू राहतो किंवा जाहीरपणे बंद होतो; दोन्हींची घरात चर्चा तरी होते. आईचा चित्रपट कधी सुटला, हे घरात कोणाला सांगताही येत नाही. पहिले सहा महिने बाळ केवळ अंगावरच्या दुधावर असते आणि दर दोन-तीन तासांनी त्याला पाजावे लागते, हे खरे. पण चित्रपटगृह जवळ असेल, पाजून निघता येत असेल आणि मागे एक विश्वासाचे माणूस असेल, तर तीन तासांचा चित्रपट अशक्य नाही. बाळाला सोबत नेणे मात्र टाळावे. तो अंधार आणि तो कर्णकर्कश आवाज त्याच्यासाठी नाही.

घरी राहून पाहू म्हटले तर आणखी एक अडचण आड येते. बाळाला मांडीवर घेऊन सामना पाहणे हा पुष्कळ बापांना दुहेरी लाभ वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाखालील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असे म्हणते. बाळाच्या डोळ्यांसमोर बदलत्या माणसांचे आणि हलत्या पानांचे जग पुरेसे असते. याचा अर्थ बापाने क्रिकेट विसरावे असा नाही. सायंकाळच्या अर्ध्या तासात जेवण पंधरा मिनिटांत उरकते. उरलेल्या पंधरा मिनिटांत मोबाइल दुकानातच राहिला, तर बाळाला कालच्या सामन्याचे साग्र वर्णन ऐकवावे. शब्द त्याला कळत नाहीत, पण बापाचा आवाज चढला की ते टक लावून पाहते, आणि षटकाराच्या वेळी हात वर फेकला की हसते. वरच्या खोलीतून आजोबा ‘काय चालले आहे रे’ म्हणून विचारतात.

एका अशाच रविवारी वेळापत्रक उलटे लागते. दुकान बंद असते. आई बाळाला पाजते, नणंदेबरोबर दुपारच्या खेळाला निघते आणि दारातूनच तीन सूचना देते, त्यांतल्या दोन आधीच दिलेल्या असतात. बाप दूरदर्शन संच न लावता आकाशवाणीवरचे समालोचन बारीक आवाजात लावतो. लंगोट दोनदा बदलावा लागतो, एकदा उलटाही बांधला जातो. मध्यंतरात तिचा फोन येतो. तो कुजबुजत सांगतो की बाळ नुकतेच खांद्यावर झोपले आहे. धावसंख्या किती झाली, ते मात्र त्याला सांगता येत नाही.