चुकलेल्या पावलाचे काय होते?

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. गिरगाव-दादरच्या वर्गांतून नृत्याच्या परीक्षांना बसणाऱ्या मुली ही यादी घडाघडा म्हणतात. त्याच मुली प्रात्यक्षिकासाठी परीक्षकांसमोर उभ्या राहतात, तेव्हा यांतले निम्मे भाव त्यांच्या अंगावर खरोखरच उमटलेले असतात. पाय जागीच थिजतो, तळहाताला घाम सुटतो, बोलांची पढंत करताना आवाज चिरकतो, पताक हस्ताची बोटे थरथरतात. विरहिणीच्या आणि खंडितेच्या मनाचा इतका बारीक विचार करणाऱ्या आपल्या नृत्यपरंपरेने शिकणाऱ्या मुलीच्या मनाला अभ्यासक्रमात जागा दिलेली नाही. मुलगी घाबरते तो तिचा स्वभाव, रडते तो तिचा हळवेपणा, आणि वर्ग सोडते ती तिची चिकाटी कमी, असे धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. ही सवय चुकीची आहे असे मला ठामपणे वाटते. शिकवणाऱ्याशी असलेले नाते नृत्यशिक्षणाच्या केंद्रस्थानी असते. ते बिघडले की त्याचा परिणाम थेट पावलावर दिसतो. हे नाते घट्ट असावे लागते आणि त्याच वेळी बाहेरच्यांना दिसेल असे उघडेही असावे लागते, एवढे एकच म्हणणे या लेखात मांडायचे आहे.

इतर विषयांपेक्षा नृत्यात नात्याचे वजन जास्त का, याचे कारण शिकण्याच्या रीतीतच आहे. गाणारीला स्वतःचा सूर ऐकू येतो, चित्र काढणारीला स्वतःची रेघ दिसते. नाचणारीला स्वतःचे शरीर दिसत नाही. शाळा सुटल्यावर मिळणाऱ्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या कार्यालयात भरणाऱ्या वर्गाला भिंतभर आरसा कुठून असणार? खांदा वर गेला का, अरमंडीची अर्धी बैठक पुरेशी बसली का, नजर हाताच्या मागे राहिली का, हे तिला शिकवणाऱ्या ताईंच्या चेहऱ्यावरूनच कळते. त्या चेहऱ्यावर तुच्छता असेल तर मुलगी चुकीची जागा शोधत नाही, ती चेहरा वाचत बसते. ‘अभिनयदर्पणा’त हस्त, दृष्टी, मन, भाव आणि रस अशी साखळी सांगितली आहे. तिची मधली कडी मन आहे. हात जागेवर आहे, नजर हातावर आहे आणि मन मात्र गुरूच्या भुवईवर आहे, अशा अवस्थेत पुढच्या दोन कड्या जुळणार कशा? अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखाने मन व्यापले जाणे हेही एक विघ्न मानले. त्याचा रोख प्रेक्षकाकडे होता हे खरे. पण जे पाहणाऱ्याला आड येते ते करणारीला अधिकच आड येणार, एवढा अर्थ ताणायला हरकत नसावी.

आधुनिक मानसशास्त्र वेगळ्या वाटेने जवळजवळ याच ठिकाणी आले आहे. जर्मन अभ्यासक राइनहार्ड पेकरून यांनी २००६ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार शिकणाऱ्याच्या भावना दोन गोष्टींवरून ठरतात : हे मला जमवता येईल का, आणि हे मला मोलाचे वाटते का. मोल भरपूर आणि जमवण्याचा विश्वास नाही, अशा वेळी चिंता जन्मते. नृत्यवर्गातली सर्वांत घाबरणारी मुलगी बहुधा सर्वांत आवड असलेली मुलगी असते, याचा उलगडा यात आहे. ब्रिटनमध्ये एलिनर क्वेस्टेड आणि जोन ड्यूडा यांनी व्यावसायिक नृत्यशिक्षण घेणाऱ्यांचा अभ्यास केला. जिथे कष्टाला आणि स्वतःच्या प्रगतीला किंमत होती, तिथे विद्यार्थ्यांना आपण सक्षम आहोत, आपले कुणीतरी आहे असे वाटत होते आणि त्यांचे मन स्वस्थ होते. जिथे तुलना होती, तिथे चित्र उलटे होते. गाब्रिएल वुल्फ आणि रेबेका ल्यूथवेट यांनी २०१६ मध्ये हालचाल शिकण्याविषयीचे प्रयोग एकत्र मांडले. यशाची अपेक्षा आणि थोडे स्वातंत्र्य मिळाले की शरीर लवकर शिकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे प्रयोग बहुतेक सुट्या, साध्या हालचालींवरचे आहेत. भरतनाट्यम्‌मधले वर्णम् किंवा कथकमधला गतभाव त्यात मोजलेला नाही. तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

आता आपल्या शहराकडे, मुंबईकडे, येऊ. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला सोखी म्हणजेच मॅडम मेनका. सभ्य घरातल्या बाईने नाचणे अशक्य मानले जात होते त्या काळात त्यांनी कथकमध्ये नृत्यनाट्ये रचली, १९३६ मध्ये बर्लिनच्या नृत्यमहोत्सवात पथक नेले आणि पुढे खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ काढले. १९२८ साली मुंबईत जन्मलेल्या दमयंती जोशी त्यांच्या घरी वाढल्या. सोखी दांपत्याने स्वतःचे मूल गमावले होते. त्यांना ही मुलगी हवी होती, पण दमयंतीच्या आई, वत्सला जोशी, मुलगी देऊन टाकायला तयार झाल्या नाहीत. दोन्ही घरांनी मिळून तिला वाढवायचे ठरले. पंडित सीताराम प्रसादांकडे तिचे कथक सुरू झाले, आणि लहान वयातच ती मेनकांच्या पथकाबरोबर परदेशात नाचली. मेनका १९४७ मध्ये गेल्या. त्यानंतर दमयंती जोशी यांनी एकल नर्तकी म्हणून स्वतःची वाट काढली, लखनौ घराण्याच्या गुरूंकडून घेतलेले शिक्षण वाढवत नेले आणि १९७० मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचल्या.

मेनकांची माया आणि शिस्त तिला मिळाली हे उघड आहे. पण मला या कथेत त्याहून मोलाची वाटते ती वत्सलाबाईंची अट. गुरूच्या घरात राहणाऱ्या मुलीच्या आयुष्यात आणखी एक मोठे माणूस हक्काने उभे होते. मुलगी गुरूची होती आणि तरी पूर्णपणे गुरूची नव्हती. एकाच गुरूवर सगळे आयुष्य टांगलेले नसल्यामुळे गुरू गेल्यावर शिष्या कोलमडली नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एका उदाहरणावरून तो सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. पुण्यात १९४७ साली ‘नृत्यभारती’ काढणाऱ्या रोहिणी भाटे यांनीही लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर अशा दोन वेगळ्या प्रकृतीच्या गुरूंकडून घेतले आणि स्वतःचा विचार घडवला.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. जुने गुरू कडक होते, मारतही होते, आणि त्यांच्याच हातून थोर कलावंत घडले. मग आजच या मुलांना जपायचे कशाला? या युक्तिवादात एक मोठी गळती आहे. आपण घडलेल्यांची नावे मोजतो. भीतीने घुंगरू उतरवून ठेवलेल्यांची नावे कुठल्याच स्मरणिकेत छापली जात नाहीत. शिवाय त्या कडकपणाभोवती एक घर होते. शिष्य गुरूकडे राही, तिथेच जेवे. सकाळी खाल्लेली बोलणी संध्याकाळच्या ताटावर विरघळून जात. भरतनाट्यम् शिकवणाऱ्या नट्टुवनारांच्या घरातही शिकणे आणि जगणे वेगळे नव्हते. तिरुविडैमरुदूरच्या कुप्पय्या पिळ्ळै यांच्या कुटुंबाने १९४५ मध्ये दादरला लागून असलेल्या माटुंग्यात श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू केले, तेव्हा ती घराण्याची विद्या शहरातल्या नोकरदारांच्या मुलींपर्यंत आली. हे फार मोठे काम होते. पण शहरातला वर्ग आठवड्यातून दोनदा, तासभर भरतो. गुरुगृह गेले आणि गुरूचा दरारा तेवढा मागे राहिला, तर मुलीच्या वाट्याला बोलणी येतात आणि ती विरघळवणारी संध्याकाळ येत नाही. जुन्या पद्धतीचा अर्धा भाग उचलून तिला परंपरा म्हणणे हा परंपरेवरच अन्याय आहे.

घरी रियाज करून भरून काढू म्हणावे तर जागा नाही. डिलाईल रोड, नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. लाकडी तक्तपोशीच्या चाळीत वरच्या मजल्यावर तत्कार सुरू झाला की खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर घाव पडतात. उंच इमारतीत गेलेल्यांची स्थितीही फार वेगळी नाही. त्यामुळे या भागातल्या मुलीचा बराचसा रियाज वर्गातच होतो, आणि वर्गात काय वाटते यावर तिचा सगळा रियाज अवलंबून राहतो. ‘घरून करून ये’ असे रागावून सांगण्याआधी घर केवढे आहे हे विचारणारी ताई जास्त शिकवून जाते.

लालबाग-परळने नाच शिकण्याची दुसरी रीतही पाहिली आहे. कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्यांनी जाखडी आणली, शक्ती-तुऱ्याचे सामने आणले. पाळी संपवून आलेले बाप्ये फेर धरीत; नवा गडी दोन जुन्यांच्या मधे उभा राही आणि फेरच त्याला ओढून नेई. पाऊल चुकले तर बाजूचा खांदा सावरून घेई. चूक लपत नसे, पण तिची लाज वाटत नसे. तरीही या फडांत गुरूचा मान मोठा : आपल्या गुरूचे नाव घेतल्याशिवाय शाहीर डफावर थाप मारत नाही. आदर आणि निर्भयता एकत्र नांदू शकतात याचा याहून जवळचा पुरावा शोधायला नको. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणीकामगारांसमोर लावणी रंगत होती तेव्हा तिथल्या कलावंतिणीही फडातच, थोरल्यांकडे पाहत शिकलेल्या होत्या. त्यांच्या शिकण्याला गरिबीची आणि समाजाने लादलेल्या हिणवणीची फार मोठी किंमत होती. ती रीत रमणीय म्हणून रंगवणे बरोबर नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांबरोबर हे सगळे विश्व आक्रसत गेले. आज लावणी स्पर्धेसाठी बसवली जाते, बहुतेक वेळा एकटीने आणि ध्वनिमुद्रित गाण्यावर.

भावनेचा भाषेशीही संबंध आहे, आणि मराठी मुलीच्या बाबतीत तो वारंवार विसरला जातो. भरतनाट्यम् शिकताना ती तेलुगू-तमिळ पदांचा अर्थ वहीत लिहून घेते आणि पाठ केलेल्या अर्थावर अभिनय करते. मग चेहऱ्यावर भाव न आल्याबद्दल तिला दोष दिला जातो. तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबारातली मराठी निरूपणे आचार्य पार्वतीकुमारांनी अभ्यासून रंगमंचावर आणली, त्याचे ऐतिहासिक महत्त्व सर्वांना माहीत आहे. शिक्षणाच्या अंगानेही ते काम मोठे आहे. जी रुसवा-फुगवी आजीच्या बोलण्यात ऐकली, तिच्यासाठी भुवई आपोआप उचलली जाते. परभाषेतली पदे सोडावीत असा याचा अर्थ नाही. शब्दाआधी प्रसंग समजावणारा, ‘तुला असे कधी वाटले होते?’ असे विचारणारा शिक्षक हवा. हा प्रश्न विचारण्यासाठी आणि त्याचे खरे उत्तर मिळण्यासाठी दोघांत विश्वास लागतो.

कौतुकाने मुले बिघडतात, हा दुसरा आक्षेप. पोकळ कौतुकाने बिघडतातही. ‘छान, छान’ म्हणून पुढच्या तोड्याकडे जाणारी ताई मुलीला काहीच देत नाही. पण माया म्हणजे ढिलाई, हे समीकरण कुणी घातले? ‘तिसऱ्या मात्रेवर डावी टाच उशिरा पडते, पुन्हा कर’ हे वाक्य पन्नास वेळा म्हणता येते आणि त्यात अपमान नसतो. उलट, जिच्याकडून अपेक्षा आहे तिलाच माणूस पन्नास वेळा सांगतो, हे मुलीला बरोबर कळते. ‘तुझ्याच्याने होणार नाही’ या वाक्यात मात्र सुधारण्यासारखी एकही माहिती नाही. कडकपणा पावलाविषयी असावा, मुलीविषयी नसावा. वजन, रंग आणि रूप यांवरचे शेरे तर वर्गाच्या दाराबाहेरच राहायला हवेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो उलट बाजूने येतो. नाते इतके महत्त्वाचे मानले तर त्याच नात्याचा गैरफायदा घेतला जाईल. घेतला जातोही. २०२३ साली चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेत विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आंदोलन केले आणि तिथल्या एका अध्यापकाला अटक झाली. नृत्यात शिक्षकाचा हात विद्यार्थिनीच्या खांद्याला, कमरेला लागतो. शिकवण्याचे ते साधनच आहे. गुरूला देव मानायचे, शंका घ्यायची नाही, हा संस्कार त्यात मिसळला की तक्रारीचे तोंडच बंद होते. म्हणून वत्सलाबाईंच्या अटीकडे मी पुन्हा वळते. नाते कोरडे करणे हा उपाय नाही. ते उघडे ठेवणे हा आहे. हात लावण्याआधी सांगणे, वर्गात पालकांना बसता येणे, दुसऱ्या गुरूकडे शिकायला गेल्यास शिष्येला द्रोही न ठरवणे, आणि तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्या दिवशीच ठाऊक असणे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती शाळांना असते, खासगी नृत्यवर्गांनाही ती असायलाच हवी.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत पायऱ्या बांधून दिल्या, हजारो घरांत नृत्याला प्रतिष्ठा दिली, आणि आता दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. या परीक्षा हव्यातच. मात्र गुणांसाठी ठरावीक तोडे घोटून घेण्याची घाई वाढली की ताईंच्या हाती मुलीकडे पाहायला वेळ उरत नाही, आणि दहावीनंतर घुंगरू माळ्यावर जातात.

दिवाळीनंतर वर्गांचे नवे प्रवेश सुरू होतील. मुलीचे नाव घालणाऱ्या आई-बाबांना माझी विनंती आहे : फी, परीक्षेचे निकाल आणि वार्षिक कार्यक्रमाचे सभागृह विचारण्याआधी एक पूर्ण तास वर्गात मागे बसा. एखाद्या मुलीचे पाऊल चुकेल तेव्हा ताई काय बोलतात ते ऐका, आणि ती मुलगी पुढचे पाऊल कसे टाकते ते पाहा. बसू देत नसतील, तर त्या वर्गात नाव घालू नका.