नाव भिलाईचे, वर्ग रायपूरला!

भिलाई म्हटले की आठवतो तो १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटलेला पोलाद कारखाना. २०१६ मध्ये या गावाचे नाव एका नव्या आयआयटीला मिळाले. वर्ग मात्र भरत रायपूरच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात! पहिल्या तुकड्यांची मुले पाहुण्या जागेतच शिकली आणि बाहेर पडली. २०२३ मध्ये दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे संस्था स्वतःच्या घरी आली. वसतिगृहांना नावे मिळाली ती इंद्रावती, शिवनाथ, कन्हर अशा नद्यांची. घर सोडून आलेल्या नव्या मुलांना आज हक्काचे छप्पर आहे. पण छप्पर नसताना संस्थेचे नाव राखले, ते आधीच्या मुलांनी. मुलांसाठी नवी संस्था निवडताना पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे.