जुने कपडे देण्यापूर्वी

दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत कपाटांतून निघणाऱ्या जुन्या कपड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मध्यमवर्गीय मराठी घरांना आज जितका छळतो तितका दोन पिढ्यांपूर्वी छळत नसे, कारण तेव्हा कपडा मोजका होता आणि त्याचा शेवट बहुधा घरातच होत असे. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढे; सुती लुगडे विरले की त्याच्या चांगल्या भागाची दुपटी आणि लंगोट होत, उरलेला भाग गोधडीच्या आत जाई, त्याहून जीर्ण चिंध्यांचे चुलीपाशी मसोते आणि दाराशी पायपुसणे होई. आता कपडा स्वस्त झाला, वारंवार घेतला जाऊ लागला आणि त्यातला बराचसा कृत्रिम धाग्याचा असल्यामुळे त्याचे दुपटे होत नाही आणि पायपुसणेही धड होत नाही. साहजिकच गाठोडे बांधून ते ‘गरजूंना’ देऊन मोकळे होण्याकडे कल वाढला आहे. या कृतीमागची भावना चांगली असते, यात शंका नाही. मात्र गाठोड्यात काय बांधले आहे आणि ते कोणाच्या हाती पडणार आहे, याचा विचार झाला नाही, तर त्या भावनेचा घेणाऱ्याला काहीच उपयोग होत नाही.

दुसऱ्याने वापरलेला कपडा घालण्यात कमीपणा असतो, असे मराठी घरांनी कधी मानलेले नाही. अनेक घरांत नवजात बाळाला पहिले काही दिवस मुद्दाम नात्यातल्या एखाद्या सुदृढ मुलाची जुनी झबली-टोपडी घालतात, कारण अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते आणि त्या कपड्याबरोबर आपुलकीही येते. मामेबहिणीचा परकर, काकांचा कोट, आजीची शाल हे सारे जुनेच असते. अपमान होतो तो कपडा मळका, फाटका, मापाला न बसणारा किंवा गावच्या रीतीला न शोभणारा असूनही तो मुकाट्याने घ्यावा लागतो तेव्हा. म्हणूनच वस्त्रदानाची खरी कसोटी घेणाऱ्याला निवडीची संधी किती उरली, ही आहे, आणि पुढे ज्या निरनिराळ्या वाटांचा विचार केला आहे त्या सर्व याच कसोटीवर तपासून पाहता येतात.

ही कसोटी विसरली गेली की काय होते, हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसून आले. नागपट्टिनम आणि आसपासच्या भागात देशभरातून ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले आणि त्यांतले कित्येक रस्त्यांच्या कडेला ढीग होऊन पडून राहिले. दर्यावर पोट भरणाऱ्या आणि तोवर कोणाच्या उतरलेल्या कपड्यांवर अवलंबून न राहिलेल्या मच्छीमार कुटुंबांना ते अंगावर घालणे मानहानीचे वाटले, शिवाय त्यांतले पुष्कळसे तिथल्या दमट हवेला आणि पेहरावाला जुळणारे नव्हते. मदतकार्यासाठी लागणारी माणसे आणि वाहने मग ते ढीग हलवण्यात अडकली. महापूर किंवा भूकंप झाला की पहिल्याच दिवशी जुन्या कपड्यांची गाडी भरण्याची घाई आपल्याकडेही होते; परंतु आपत्तीच्या ठिकाणाहून नेमकी मागणी येईपर्यंत थांबणे ही तिथल्या लोकांची मोठीच सोय आहे.

प्रतवारी, म्हणजे कपड्याच्या स्थितीनुसार त्याचे वेगवेगळे गठ्ठे करणे, हे काम घरातच व्हायला हवे, कारण ते घरी झाले नाही तर कुठल्यातरी संस्थेतल्या किंवा गोदामातल्या दुसऱ्याच बाईला दुसऱ्याच्या घामाचे कपडे नाकाला रुमाल लावून उलगडावे लागतात. पहिली पायरी अर्थातच धुणे आणि कडक उन्हात पुरते वाळवणे ही आहे. किंचित ओलसर कपडा पिशवीत बांधला गेला तर आठवडाभरात त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या कपड्यांनाही डाग पाडते. त्यानंतर प्रत्येक कपडा खिडकीशी उजेडाकडे धरून पाहावा. साडी बहुधा सगळीकडे सारखी विरत नाही. ती विरते पदराच्या घडीवर, निऱ्या खोचण्याच्या जागी आणि टाचेखाली येणाऱ्या कडेला. सदरा कॉलरच्या दुमडीवर आणि बगलेत जातो, पँट गुडघ्यावर आणि बैठकीत. वरून धड दिसणाऱ्या कपड्यात याच जागी आरपार उजेड दिसू लागला, तर तो कपडा दोनचार धुण्यांपलीकडे टिकणार नाही आणि ‘घालण्याजोगा’ म्हणून तो कोणाला देऊ नये.

घालण्याजोग्या कपड्यांतही थोडे हातकाम उरते. तुटलेले बटण, निसटलेला हूक, उसवलेली शिवण किंवा हरवलेली नाडी ही दुरुस्ती देणाऱ्याच्या घरी पाच मिनिटांची असते. घेणाऱ्याला मात्र त्यासाठी सुई-दोऱ्यापासून तयारी करावी लागते, किंवा तो कपडा तसाच मिरवावा लागतो. सलवार-कमीज आणि ओढणी एकत्र बांधावी, साडीबरोबर तिचा परकर आणि जुळणारे पोलके असल्यास ते घडीत ठेवावे, मुलांच्या कपड्यांवर अंदाजे वयाची चिठ्ठी लावावी. इतके केले की पलीकडच्या माणसाला ढिगात हात घालून उपसावे लागत नाही. समोर मांडलेल्यातून त्याला निवडता येते. वापरलेली अंतर्वस्त्रे कोणालाही देऊ नयेत, हे सांगावे लागू नये, पण गाठोड्यांत ती सर्रास सापडतात.

जे कपडे म्हणून संपले त्यांत कापड शिल्लक असते. ते कोणत्या धाग्याचे आहे हे ठरवण्याची जुनी रीत अशी की शिवणीतून एक धागा ओढून, चिमट्यात धरून, ताटलीवर पेटवून पाहायचा. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरडेल अशी राखाडी राख उरते, तर पॉलिस्टर वितळते, आक्रसते आणि त्याच्या टोकाला कडक काळसर मणी तयार होतो. या एका फरकावर कापडाचे पुढचे आयुष्य ठरते. सुती कापड घाम आणि पाणी शोषते, म्हणून दुपटी, पुसणी आणि गोधड्यांना तेच लागते. गोधडीत वर-खाली धड लुगडी आणि मधे विरलेल्या धोतरांचे व साड्यांचे थर घालून, कडेपासून आत आत येणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळींनी ते एकजीव केलेले असतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. कृत्रिम धाग्याच्या साड्या या कामात निसटतात, सुईखाली सरकतात आणि अंगाला चिकटतात. ग्रामीण भागात गोधड्या शिवून चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रियांना सुती साड्यांचा स्वच्छ गठ्ठा मिळणे ही मोठी मदत आहे, कारण तो त्यांच्या धंद्याचा कच्चा माल असतो.

सुती कापडाचा आणखी एक उपयोग बराच काळ बोलण्याच्या पलीकडे ठेवला गेला. मासिक पाळीसाठी पुरेसे स्वच्छ कापड न मिळणाऱ्या स्त्रियांची संख्या या देशात मोठी आहे, हे ‘गूंज’ या संस्थेने नेटाने समोर आणले आणि जुन्या सुती कपड्यांपासून धुऊन, निवडून, कापून तयार केलेल्या घड्या गावोगाव पोहोचवल्या. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत स्वतःच्या घरातले ६७ कपडे घेऊन या कामाला आरंभ केला आणि २०१५ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेचे सर्वांत विचारपूर्वक केलेले काम म्हणजे कपडे फुकट न वाटण्याची तिची पद्धत होय. गावकऱ्यांनी आपल्या गरजेचे काम, उदाहरणार्थ विहीर, तळे, रस्ता किंवा बांध, स्वतः ठरवायचे, श्रमाने पुरे करायचे आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचे संच घ्यायचे, अशी ती योजना आहे. श्रमाच्या बदल्यात कपडा घेणारा माणूस दात्यासमोर ओशाळा होत नाही.

याच न्यायाने बोहारणीकडेही पाहायला हवे. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी, दुपारच्या वेळी वाड्यात आणि चाळीत हाक घालत फिरणारी ही स्त्री बहुतेक वेळा मूळच्या गुजरातच्या वाघरी समाजातली असते. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. घासाघीस करताना ती प्रत्येक साडी झटकून, ताणून, उजेडाला धरून पाहते, म्हणजे वर सांगितलेली प्रतवारी ती डोळ्यांनी काही क्षणांत करते. जरीच्या जुन्या शालूची किंमत ती वेगळी करते, कारण अस्सल जरीत चांदी असते. तिने नेलेले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री करून जुन्या बाजारात जातात. दिल्लीतील रघुबीर नगरचा असा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. ल्युसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने दिल्लीतल्या या साखळीचा कपाटापासून बाजारापर्यंत माग काढला आणि २०१० साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भांड्याच्या मोहाने कपडे विकणे हे दानापेक्षा हलके, असे समजण्याची सवय सुशिक्षितांत आहे आणि ती चुकीची आहे. बाजारातून थोड्या पैशांत सदरा घेणारा मजूर दहा सदरे नाकारून अकरावा उचलतो. निवडीचा तो हक्क त्याला फुकटच्या वाटपात क्वचितच मिळतो, आणि बोहारणीच्या घरची चूलही याच व्यवहारावर पेटते.

‘माणुसकीची भिंत’ या उपक्रमातही, म्हणजे भिंतीवर कपडे टांगून ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने न विचारता न्यायचे या पद्धतीत, हीच निवड राखलेली आहे. इराणमधील मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात सुरू झालेली ही कल्पना लवकरच महाराष्ट्रातल्या गावाशहरांत पोहोचली. तिचे यश मात्र रोजच्या निगराणीवर अवलंबून असते. कोणी पाहणारे नसले की पावसाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग तेवढा उरतो. केंद्र सरकारच्या २०२३ मधील मोहिमेनंतर अनेक महापालिकांनी पुनर्वापरासाठी वस्तू स्वीकारणारी केंद्रे उघडली, तर पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जुने कपडे आणि इतर वस्तू गोळा करण्याचे उपक्रम वेळोवेळी घेते.

लोकरीच्या जीर्ण कपड्यांची वाट हरियाणातील पानिपतला जाते. तिथे बटणे आणि चेन काढून, कपडे रंगांनुसार वेगळे करून ते यंत्रात पिंजले जातात आणि सुटलेल्या तंतूंपासून पुन्हा सूत काढतात. रंगांची विभागणी आधीच झाल्यामुळे पुष्कळदा नव्याने रंगवावे लागत नाही. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने रूढ केलेल्या या प्रक्रियेतून निघणाऱ्या मालाला शॉडी म्हणतात. पिंजताना तंतू तुटून आखूड होत असल्याने हे सूत जाडेभरडे असते आणि त्याची मुख्यतः स्वस्त घोंगड्यांसारखी पांघरुणे होतात.

देण्याची वेळही घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावी. शाळेचे गणवेश वार्षिक परीक्षा संपताच, शाळेचे चिन्ह उसवून द्यावेत, म्हणजे जूनच्या मध्यात शाळा उघडण्यापूर्वी ते मुलांच्या मापाला बेतता येतात. स्वेटर, शाली आणि रजया दिवाळीनंतरच्या सवडीसाठी न ठेवता नवरात्रातच उन्हे दाखवून पाठवाव्यात, कारण निवड आणि वाहतूक होऊन त्या मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावर पोहोचेपर्यंत थंडी पडलेली असते. आणि गाठोडे बांधण्याआधी संबंधित संस्थेला दूरध्वनी करून सध्या कोणत्या मापाचे, कोणत्या प्रकारचे कपडे हवे आहेत, हे अवश्य विचारावे.