घरच्या संगणकालाही हवा ‘गेटपास’

मरोळला लागून असलेल्या सीप्झच्या फाटकातून पास दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रात दागिन्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्या एकाच आवारात आहेत; पण ज्याचे काम जिथे, त्याला मुभा तिथलीच. हीच शिस्त घरच्या संगणकावर क्वचितच दिसते. चौघांत एक संगणक, त्यावर एकच खाते. त्यात मुलांचे गेम, आईची बँकेची कागदपत्रे, आजोबांचे रक्ततपासणीचे अहवाल आणि पंधरा वर्षांचे फोटो.

अडचण अशी की, संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्राम तो चालवणाऱ्या खात्याचे अधिकार घेऊनच चालतो. विंडोज बसवताना तयार झालेले पहिले खाते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे सर्वाधिकारी असते. मुलाने फुकटच्या गेमसोबत आलेला घातक प्रोग्राम उघडून ‘येस’ दाबले, की त्या प्रोग्रामला सगळी दारे मोकळी होतात. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले होते, की प्रत्येकाला कामापुरतेच, कमीत कमी अधिकार द्यावेत.

हा नियम मोडल्याची झळ मुंबईजवळच बसली आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. एका संगणकाच्या मेमरीतून अधिकाऱ्यांचे पासवर्ड उचलायचे आणि त्यांच्याच अधिकाराने पुढच्या संगणकात शिरायचे, ही त्याची एक रीत होती.

घरी उपाय सोपा आहे. आधी पासवर्ड असलेले एक नवे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते उघडावे आणि ते फक्त नवा प्रोग्राम बसवण्यासाठी वापरावे. मग सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन आपले जुने खाते ‘स्टँडर्ड’ करावे आणि मुलांना वेगळे स्टँडर्ड खाते द्यावे. प्रत्येकाचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप दुसऱ्या स्टँडर्ड खात्यांपासून झाकले जातात.

खरी गफलत होते ती ‘डी’ ड्राइव्हवर. आपल्याकडे फोटो आणि कागदपत्रे तिथे ठेवण्याची सवय आहे. पण या ड्राइव्हवर विंडोज सहसा संगणकात लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला फाइल बदलण्याची आणि पुसण्याची परवानगी देते. ती काढण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे जावे. ‘डिसेबल इन्हेरिटन्स’ निवडून आधीच्या परवानग्या ‘कन्व्हर्ट’ कराव्यात. आपले खाते नावाने जोडून त्याला ‘मॉडिफाय’चा हक्क द्यावा आणि ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ ही नोंद काढावी. ‘यूजर्स’ला वाचण्यापुरता हक्क राहू दिला, तर मुले फोटो पाहू शकतील, पुसू शकणार नाहीत. आजोबांच्या अहवालांच्या फोल्डरवरून मात्र ‘यूजर्स’ची नोंदही काढावी.

‘डिनाय’च्या चौकटीत खूण करण्याचा मोह टाळावा. नकार सहसा परवानगीवर मात करतो, आणि ‘यूजर्स’मध्ये आपणही येतो, आपल्याच फोल्डरबाहेर अडकायची वेळ येते. बहुतेक पेनड्राइव्हवर तर या परवानग्या टिकतच नाहीत, कारण त्यांची फाइल-रचना त्या नोंदवतच नाही.

हा बंदोबस्त सर्वस्व नव्हे. खंडणीखोर प्रोग्राम आपल्याच खात्यातून चालला, तर आपल्याला बदलता येणारी प्रत्येक फाइल तो कुलूपबंद करू शकतो. म्हणून अहवाल आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवावी. परवानगीने नुकसान एका खोलीपुरते राहते. गेलेले परत मिळते ते कपाटातल्या प्रतीतूनच.