गोळीनं पाठ थांबली, बळ कुठं गेलं?
लेखमाला : संप्रेरकांच्या वाटेवर (भाग ९)

कांद्याच्या हंगामात पिंपळनेरच्या बाजारात गोण्यांना खंड नसतो. समजा, तिथं चाळिशीचा एक हमाल आहे. पाठदुखीसाठी ट्रामाडॉलची गोळी सुरू झाली, ती दोन वर्षांनीही सुटलेली नाही. पाठ सोसते, पण गोणी उचलली की हात थरथरतात, झोपून उठलं तरी थकवा जात नाही. दिवसाआड करावी लागणारी दाढी आता आठवड्यानं केली तरी चालते. बायकोजवळ जाण्याची इच्छाच उरलेली नाही. घरात कुणी ‘काय व्हयनं?’ विचारलं, की तो ‘काही नाही’ म्हणून विषय टाळतो.

त्याच्या पुरुषत्वाला काही झालेलं नाही. अडलंय ते मेंदूत.

मागच्या भागात पाहिलेली साखळी आठवा : मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी वृषणांना, आणि मग टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार होतं. मॉर्फिन, हेरॉईन, मेथाडोन, ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची औषधं पहिला इशाराच दाबून टाकतात. वृषणं धडधाकट असतात, पण त्यांना कामाचा निरोपच पोचत नाही.

थिओडोर सिसेरो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हेरॉईन व मेथाडोन घेणाऱ्या पुरुषांच्या लैंगिक ग्रंथींवरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रानं अफूच्या या कुळाचा तडाखा गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) रूपानं सोसला. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते त्याच काळात. आता प्रश्न गर्दपुरता उरलेला नाही. भारतात अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख असल्याचा अंदाज २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निघाला, आणि त्यात औषधाच्या गोळ्या घेणारेही आहेत. ट्रामाडॉलवर २०१८ पासून अंमली पदार्थविरोधी कायद्याचं नियंत्रण आहे.

निदानासाठी रक्ताची साधी तपासणी लागते, पण वेळ महत्त्वाची. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं, म्हणून नमुना उपाशीपोटी, दहाच्या आत द्यायचा, आणि वेगवेगळ्या दोन दिवशी. पहिली बस धरून धुळ्याला जाईपर्यंत ऊन चढतं. जमेल तर नमुना गावातच द्यावा. निरोगी तरुण पुरुषांत पातळी साधारण २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. एका दुपारच्या आकड्यावरून इंजेक्शन टोचून घेऊ नये.

पहिला उपाय गोळीचाच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा कमी केली किंवा औषध बदललं, की अनेकांची पातळी पुन्हा वर येते. मात्र गोळी एकदम तोडू नये. अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप उडते. कर्करोगासारख्या आजारात औषध थांबवणं शक्यच नसेल, तर टेस्टोस्टेरॉन देण्याचा विचार होतो. अमेरिकेत शहझाद बसारिया यांच्या गटानं वेदनेसाठी अशी औषधं घेणाऱ्या ८४ पुरुषांवर १४ आठवडे प्रयोग केला आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनची जेल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली जेल. खरी जेल मिळालेल्यांची लैंगिक इच्छा वाढली, चरबी घटली, आणि दाब व बोचण्याच्या चाचण्यांत दुखणंही कमी जाणवलं.

तरीही हे सगळ्यांसाठी नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं, की शरीर स्वतःचं शुक्राणू बनवणं आणखी कमी करतं. मूल हवं असलेल्या तरुणानं हे आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. प्रोस्टेटचा कर्करोग, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा घट्ट झालेलं रक्त असेल, तर हे औषध देत नाहीत. उपचार सुरू झाल्यावरही रक्ताचा घट्टपणा आणि प्रोस्टेट यांची तपासणी ठरावीक काळानं करावीच लागते. व्यायामशाळेतून किंवा ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या इंजेक्शनवर ही राखण कोण ठेवणार?

त्या हमालानं डॉक्टरांपुढे बसताना लाज बाजूला ठेवून तीन गोष्टी सांगाव्यात : गोळी कोणती, किती वर्षांपासून, आणि दाढी किती दिवसांनी करावी लागते.

(पुढच्या आठवड्यात : थायरॉईड आणि थकवा)