कॉफीचे यंत्र आणि गंडीपेटचे पाणी

गंडीपेटचे पाणी जो एकदा प्याला, तो फिरून हैदराबादेस आल्यावाचून राहत नाही, असे आपल्या शहरात जुनी माणसे सांगत आली. १९०८ साली मुसीच्या पुराने शहराचा घात केला. त्यानंतर बांधलेला हा तलाव १९२० साली पुरा झाला. त्याचे सरकारी नाव उस्मानसागर, पण लोकांच्या तोंडी गंडीपेटच. त्या पाण्याची गोडी वाडवडिलांनी चाखली. आज पुष्कळ घरी नळाच्या जोडीला बोअरचे पाणी येते, आणि त्याची जात न्हाणीघरातल्या बादलीवरचा पांढरा थर पाहूनच कळते. हे सांगण्याचे कारण इतकेच की, अलीकडे आपल्या घरांतून पितळी फिल्टरच्या शेजारी एस्प्रेसो कॉफीची यंत्रे दिसू लागली आहेत. ती बिघडली म्हणजे लोक कंपनीला बोल लावतात. खरा दोष बहुधा पाण्याचा आणि आपल्या आळसाचा असतो.

हे यंत्र मूळचे इटलीचे. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेवरच्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेत्सेरा याने १९०१ साली एकेक पेला ताजा काढण्याची सोय केली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जा याच्या दट्ट्याच्या यंत्राने दाब वाढवला, आणि पेल्यावर ती सोनेरी साय धरू लागली. युक्ती थोडक्यात अशी : बारीक दळलेली पूड चाळणीत दाबून बसवायची, आणि ९० ते ९६ अंश उष्ण पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे ९ पट दाबाने २५-३० सेकंदांत तिच्यातून ढकलायचे.

म्हणजे हे यंत्र पाणी तापवण्याचे आहे, आणि पाणी तापवण्याच्या यंत्राचे दुखणे आपल्या घरांना नवे नाही. जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब आठवा! बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुन्याचा क्षार उष्णतेने वेगळा होतो आणि भांड्याच्या अंगाला खडूसारखा चिकटतो. बंबाचे तोंड मोठे. चार पापुद्रे धरले तरी त्याचे चाले. एस्प्रेसोच्या यंत्रातल्या नळ्या मात्र बोरूहूनही बारीक. थर साचला की पाणी नीट तापत नाही, झडपा अडतात, आणि एके दिवशी पंप नुसता घुरघुरतो.

काचिगुड्याकडे माझी शिकवणी आहे. त्या घरी मुलाने आईसाठी असे यंत्र आणले होते. दुपारी चारला सासू-सून त्याच्यापाशी बसत. दिवसभरात दोघींचे निवांत बोलणे होई ते तेवढेच. दीड वर्षात यंत्र बंद पडले. कारागिराने उघडले तर आत पांढरा दगड! दुरुस्तीचा आकडा ऐकून यंत्र माळ्यावर गेले, आणि चारची बैठकही मोडली. पैशांपेक्षा ते नुकसान मोठे.

आता उपाय. पहिला पाण्याचा. बोअरचे पाणी सरळ टाकीत ओतू नये. ते आदल्या रात्री उकळावे, निवळू द्यावे, आणि तळचा गाळ न हलवता वरचे घ्यावे; क्षाराचा बराच भाग भांड्यातच राहतो. अगदी निःक्षार पाणीही बरे नव्हे. कॉफी बेचव लागते, आणि काही यंत्रांना टाकीत पाणी आहे हे त्यातल्या क्षारांवरूनच कळते. घरी शुद्धीकरणाचे यंत्र असेल तर त्याच्या पाण्यात नळाचे थोडे पाणी मिसळावे.

दुसरा उपाय रोजचा. पेला काढून झाला की चोथा लगेच झाडावा, चाळणी गरम पाण्याने धुवावी, आणि वरच्या जाळीतून थोडे नुसते पाणी सोडावे. कॉफीच्या अंगी तेल असते. ते राहिले की खवट होते, आणि उद्याची उत्तम कॉफीही कडवट करते. दूध फेसाळणारी वाफेची नळी तर त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडावी. नळी निवते तशी ती दूध आत ओढून घेते, आणि मग ते आतच नासते.

तिसरा उपाय आठवड्याचा. पंप थांबवताच ज्या यंत्रातून उरलेला दाब खालच्या ताटलीत फुस्सकन सुटतो, त्याच यंत्राला हा चालतो. चाळणीत बिनभोकाची चकती बसवून कॉफीचे यंत्र धुण्याची पूड चिमूटभर घालावी. १० सेकंद पंप चालवावा, थांबवावा, असे पाचेक वेळा करावे. मग नुसत्या पाण्याने तेच पुन्हा.

चौथा दोन-तीन महिन्यांचा. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून निम्मे यंत्रातून सोडावे, वीसेक मिनिटे थांबावे, उरलेले सोडावे. मग स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या. आपल्या आज्या चिंचेने तांबे घासत, त्याच आंबटपणाचे हे शास्त्र. यंत्रात चिंच मात्र घालू नये! व्हिनेगरचा वास राहतो आणि रबराला ते सोसत नाही. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर आम्लाआधी यंत्राबरोबरचे माहितीपत्रक वाचावे. उघडझाप करताना वीज बंद आणि यंत्र गार हवे, हे वेगळे सांगायला नको.

गाणे शिकवताना मी मुलांना पहिल्या दिवशी सूर देत नाही. तंबोरा पुसून गवसणीत घालायला लावतो. तारेवर घाम राहिला, जवारीवर धूळ बसली, की षड्ज खुलत नाही, आणि तो का खुलत नाही हे नवख्याला कळतही नाही. यंत्राचेही तसेच. बिघाड एका दिवसाचा नसतो, तो रोज थोडाथोडा साचतो. आपल्या घरांनी बंब चिंचेने उजळले, पितळी फिल्टर राखेने घासले. त्या हातांना रोजची ही दोन मिनिटे जड का जावीत? चारची कॉफी आणि चारचे बोलणे, दोन्ही त्यावरच टिकायची आहेत.